बाल्सम लेक माउंटनचा फायर टॉवर : कोणत्या वाटेने चढावं, कधी जावं

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांच्या पश्चिम टोकाला 3,723 फुटांवर हे शिखर आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने साधारण तीन तास लागतात. माथा बाल्सम फरच्या दाट झाडीत पुरता बुडालेला आहे, त्यामुळे खाली उभं राहून काहीही दिसत नाही. जे दिसतं ते वणव्यांवर नजर ठेवायला बांधलेल्या 47 फुटी लोखंडी टॉवरवरूनच. सह्याद्रीतल्या मोकळ्या माथ्यांची सवय असलेल्यांचा इथे विरस होतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

वाटा दोन. उत्तरेकडची मिल ब्रूक रोडवरून निघते. आर्कव्हिलला रूट 28 सोडून ड्राय ब्रूक रोड धरायचा आणि पुढे उजवीकडे मिल ब्रूक रोडला वळायचं. पेट्रोल आणि खाणं आर्कव्हिल किंवा मार्गारेटव्हिललाच उरकून घ्या. पायथ्याला पिठलं-भाकरीचं घर सोडाच, चहाची टपरीसुद्धा नाही. दरीत शिरलं की फोनची रेंज जाते, म्हणून नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा.

वाटेच्या सुरुवातीला ठेवलेल्या नोंदवहीत नाव आणि परतीची वेळ लिहा. काही अघटित घडलं तर रेंजर शोध तिथूनच सुरू करतात. मग झाडांवर ठोकलेल्या निळ्या गोल चकत्या बघत 2.2 मैल चालायचं. पहिल्या मैलात चांगली चढण आहे, नंतर जुना गाडीरस्ता लागतो आणि पाय मोकळे होतात. फाट्यावर उजवीकडे लाल चकत्यांची वाट फुटते. तिथून पाऊण मैलात टॉवर. जाऊन-येऊन सहा मैल आणि अकराशे-बाराशे फुटांची चढाई, म्हणजे थांबत-थांबत चार तास धरा.

याच फाट्याच्या आसपास डावीकडे ग्रॅहम माउंटनची मळलेली वाट दिसते. जुन्या लेखांत आणि ॲपवर ती अजून सापडते, पण ती जमीन खाजगी आहे आणि 2021 पासून गिर्यारोहकांना बंद आहे. तिकडे वळू नका.

दक्षिणेकडची वाट बीव्हर किल रोडच्या शेवटून निघते. ती अंतराला कमी, पण शेवटची चढण खडी. निळ्या वाटेने 0.9 मैल गेलं की लाल वाट, आणि तिथून माथा साधारण 0.85 मैल. याच वाटेवर तीन बाजू बंद आणि पुढून उघडी अशी लाकडी लीन-टू आहे, आणि तिच्या थोडं वर पाइप लावलेला झरा. गुडघे कुरकुरत असतील तर या बाजूने चढा आणि उत्तरेच्या लाल वाटेने उतरून निळ्या वाटेने वळसा घालून गाडीपाशी या. उलट फिरलात तर ओली मुळं आणि दगड उतरताना भारी पडतात.

मिल ब्रूककडून येणाऱ्यांनी माणशी दोन लिटर पाणी न्यावं, उन्हाळ्यात अडीच. झऱ्यासाठी माथा ओलांडून पलीकडे बऱ्यापैकी उतरावं लागतं. पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच प्या.

टॉवरचं लाकडी मूळ 1887 सालचं, एका मासेमारी क्लबने उभारलेलं. 1908 च्या मोठ्या वणव्यांनंतर राज्याने पुढच्याच वर्षी तो ताब्यात घेतला. 1988 मध्ये टेहळणी थांबली, कारण तोवर विमानांतून जंगल पाहणं स्वस्त पडू लागलं होतं. अशा टॉवरच्या केबिनमध्ये मधोमध गोल नकाशा आणि त्यावर फिरणारी नेमपट्टी असे. धुराच्या दिशेला पट्टी लावून अंश वाचायचे आणि दुसऱ्या टॉवरवाल्याला फोन करायचा. दोघांच्या रेषा जिथे छेदतील तिथे आग. एका टॉवरवरून फक्त दिशा कळते, अंतर नाही.

केबिन उघडी हवी असेल तर मेअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा शनिवार-रविवार गाठा, तेव्हा बहुधा स्वयंसेवक असतात. एरवी केबिनला कुलूप असतं, तरी जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून झाडांच्या डोक्यावरून नजर जाते. माथ्यावर वारा खालच्यापेक्षा बराच जोरात असतो. टोपी खिशात ठेवा आणि दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे ठेवा. गडगडाट ऐकू आला की टॉवर लगेच सोडा. एकावेळी किती जणांनी चढायचं ते पाटीवर असतं, आणि मुलांचा घोळका असला की नेमकं तेच विसरलं जातं.

मे-जूनमध्ये काळ्या माश्या जीव नकोसा करतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेच्या कडेची नेटल (आग करणारी रानटी झुडपं) उघड्या पोटऱ्यांना चिरचिरते, म्हणून पूर्ण पँट घाला. गोचीड तर बर्फ नसेल तेव्हा केव्हाही चिकटू शकते. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी तपासा. एप्रिलमध्ये दरी हिरवी दिसली तरी वर फरच्या सावलीत तुडवून घट्ट झालेला बर्फ टिकून असतो. बुटांना लावायचे साखळी-काटे सोबत हवेतच, नुसत्या स्पोर्ट्स शूजवर लोक तिथेच आपटतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारपासून हरणांच्या शिकारीचा बंदूक-हंगाम असतो, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घालूनच जा.

मुक्काम करायचा तर 3,500 फुटांच्या खाली. त्यावर तंबू लावायला 21 डिसेंबर ते 21 मार्च एवढीच मुभा आहे. लीन-टू आधी येईल त्याची, म्हणून शनिवारी उशिरा निघणाऱ्यांनी तंबू बरोबर ठेवावा आणि तो रस्ता, वाट, पाणी या तिन्हींपासून 150 फूट लांब लावावा.