सहा की चार?

“आत्या, भात नको. पोळीपण अर्धीच.”

आज नौपाड्यात दादाकडे जेवताना भाचा म्हणाला. दहावीत आहे. जेवणाआधीच हॉलमध्ये क्रंचेस मारून घामाघूम झालेला. मग टीशर्ट वर करून विचारलं, “पोटावरचे पॅक्स दिसतायत का? मित्राचे सहा दिसतात, माझे चारच.”

ते ‘चारच’ डोक्यातून जाईना.

पोटाच्या स्नायूवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यामुळेच हे पॅक्स पडतात. त्या किती आणि कुठे, हे जन्मतःच ठरतं. चार दिसणारा सहावाल्यापेक्षा कमी ताकदीचा नसतो! पॅक्स दिसायला वरची चरबी कमी लागते, आणि नुसत्या क्रंचेसनी पोटावरचीच चरबी जात नाही.

व्यायाम कर रे, मला खूप आवडतं. प्लँक, पुशअप्स, सकाळी उपवनला पळणं, सगळं कर. पण या वयात हाडं, उंची, सगळंच वाढत असतं. ताट अर्धं करून कसं चालेल? अंडं खा, एकात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. उसळ खा, दही खा. भातही खा.

ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, “पण रीलमध्ये तर पंधरा दिवसांत होतात.”

रोज रात्री तो हेच बघत झोपतो. तुमच्या घरातली या वयाची मुलं असं काही तुमच्याशी बोलतात का?