खडीचा थर

पुण्यात माझी छोटी नर्सरी आहे. जुलैतल्या एका सकाळी नेहमीच्या ग्राहक असलेल्या एका निवृत्त शिक्षिका हातात तीन कुंड्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पावसाचा एक थेंबही लागू दिला नाही हो, तरी सगळी सडत चालली आहेत.” त्यांच्या गच्चीवर पत्र्याखाली अशी आणखी वीस-बावीस सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडे होती, म्हणून मी दुपारी त्यांच्या घरी गेलो.

त्यांपैकी एचेव्हेरिया जातीच्या झाडांची खालची पाने पाणी भरल्यासारखी पारदर्शक झाली होती आणि बोट लागताच गळून पडत होती. पाणी बाई आठवड्यातून एकदाच, तेही बेताने देत असत. चकाकी दिलेल्या चिनी मातीच्या त्या चार इंची कुंड्यांना तळाला भोकेही होती. एक कुंडी उलटी केली, तेव्हा तळाची खडी जवळजवळ कोरडी आणि तिच्यावरचे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र चिंब निघाले. तो खडीचा थर मार्चमध्ये मीच सुचवला होता, निचरा चांगला होईल म्हणून.

खात्री करण्यासाठी बाईंकडून काचेचा पेला मागून घेतला, खाली खडी आणि वर कोरडे कोकोपीट भरून त्यात हळूहळू पाणी घातले. कोकोपीटच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, त्यामुळे ते पूर्ण भिजेपर्यंत खडीच्या मोठ्या फटींत पाणी उतरतच नाही, हे आम्हा दोघांना डोळ्यांनी दिसले. म्हणजे खडीमुळे निचरा वाढला नव्हता, उलट तळाशी राहणारी ओल वर सरकून थेट मुळांपाशी आली होती. ही झाडे रात्री पर्णरंध्रे उघडून हवा घेतात आणि पाणी फार थोडे वापरतात. त्यात आपल्या पावसाळ्यातली दमट हवा आणि बाजूने हवा न जाऊ देणारी कुंडी, मग ती ओल सुकणार कशी?

उरलेला दिवस सडलेला भाग कापण्यात गेला. प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसायचे आणि खोडाच्या छेदात तपकिरी कडे दिसेनासे होईपर्यंत वर वर कापत जायचे. एचेव्हेरियांपैकी नऊच शेंडे निरोगी निघाले. हॅवर्थिया या दुसऱ्या जातीच्या सक्युलंटची मुळे गेली होती, पण गाभे बहुतेक शाबूत होते, याचा मला फार दिलासा वाटला. सगळे तुकडे जखम सुकण्यासाठी वर्तमानपत्रावर, सावलीत आणि वाऱ्यावर पसरले. नवे मिश्रण विटांचा चाळलेला चुरा, धुतलेली जाड वाळू आणि जेमतेम पाव भाग कंपोस्ट असे ठरवले. कुंड्या साध्या मातीच्या, आणि तळाला खडी नाही.

“दोष तुमचा नाही, सल्ला माझा चुकला,” असे मी बाईंना सांगितले आणि गेलेल्या झाडांचे पैसे परत केले. रात्री विक्रीची वही काढली आणि त्या उन्हाळ्यात ज्यांना ज्यांना खडी घालायला सांगितले होते, त्यांना एकेक करून फोन लावत बसलो.