११० (हैदराबाद) स्क्वाड्रनची चार बॉम्बर: व्हेंजन्सचं काम कुठवर आलं आणि नव्या साच्यात काय हवं

प्रकल्प असा: १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, एकाच स्क्वाड्रनच्या चार बॉम्बरची प्लास्टिक मॉडेलं एका फळीवर मांडायची. स्क्वाड्रन रॉयल एअर फोर्सची ११०. डी.एच.९ए विमानं घेऊन ती १९१८ मध्ये फ्रान्सला गेली. त्या विमानांचा पैसा निजामाने दिला होता, म्हणून तिच्या नावात 'हैदराबाद' आलं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. मराठवाड्यातल्या मॉडेलरने बॉम्बर निवडायचं तर सुरुवात इथूनच व्हावी, असं आमचं ठाम मत आहे. लँकेस्टर आणि बी-१७ प्रत्येकाच्या कपाटात असतातच.

याच स्क्वाड्रनची ब्लेनहाइम ४ सप्टेंबर १९३९ ला जर्मन युद्धनौकांवरच्या पहिल्या हल्ल्यात होती. १९४२ मध्ये स्क्वाड्रन भारतात आली, व्हल्टी व्हेंजन्स हे डाइव्ह बॉम्बर घेऊन १९४३ पासून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली आणि शेवटी मॉस्किटोवर गेली. चौघांचे पंख १/७२ मध्ये असे येतात: डी.एच.९ए १९.४ सेंमी, ब्लेनहाइम २३.८, व्हेंजन्स २०.३, मॉस्किटो २२.९. बेरीज ८६ सेंमीच्या वर जाते, तेव्हा फळी किमान एक मीटरची घ्या.

मॉस्किटोबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. तामिया कंपनीचा एफबी सहाचा (फायटर-बॉम्बर प्रकाराचा) साचा पंचवीस वर्षांहून जुना झाला तरी भाग जागच्या जागी बसतात. ब्लेनहाइमसाठी एअरफिक्सचा २०१४ चा साचा घेतला आहे आणि तो आता रंगावर आहे. त्यात दोन गोष्टी सांभाळा. नाकाचा काचेचा भाग डाव्या बाजूला, वैमानिकासमोर, खोलगट आहे. काचेचे तुकडे आधी एकमेकांना चिकटवून मग फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) लावले तर शेवटी सांध्यावर पायरी राहते. एकेक तुकडा फ्यूजलाजवरच बसवत जा. दुसरं म्हणजे मर्क्युरी इंजिनाच्या काउलिंगची, म्हणजे आवरणाची, पुढची कडी. ती एक्झॉस्ट गोळा करणारी कडी आहे, म्हणून तिला कॅमोफ्लाजचा रंग देऊ नका. तपकिरी छटेचा जळका धातू हवा.

आता व्हेंजन्स, कारण वेळ तिथेच जातो आहे.

किट शॉर्ट-रन (थोड्याच प्रती काढणाऱ्या साच्यातलं) आहे, म्हणजे जुळवणीच्या पिना नाहीत, भाग स्प्रूला (चौकटीला) जोडणारे देठ जाड आहेत आणि आतल्या बाजूला इजेक्टरचे (भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे) उंच खुंट आहेत. देठ निपरने तोडू नका, प्लास्टिकवर ताण येऊन भागाचा लचका निघतो. बारीक करवतीने कापा. खुंट पूर्ण काढल्याशिवाय कॉकपिट आत बसत नाही, आणि तसंच दाबून फ्यूजलाज बंद केली की मागचा सांधा उघडतो. पिनांच्या जागी ०.५ मिमी प्लास्टिक शीटच्या ५ मिमी रुंद पट्ट्या एका बाजूला आतून चिकटवायच्या, निम्मी पट्टी बाहेर ठेवायची. फ्यूजलाजच्या एका बाजूला अशा सहा-सात पट्ट्या पुरतात.

पंखाच्या मागच्या कडा जाड येतात. बाहेरून घासल्या तर पॅनेलच्या रेषा जातात, म्हणून दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या बाजू घासा. वॉटर पेपर गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात मिळतो. २२० ने सुरुवात करून ४०० वर या. काच सपाट ठेवून तिच्यावर पेपर चिकटवा आणि पंख त्यावर फिरवा, हातात धरून घासला तर कड लाटेसारखी होते.

व्हेंजन्सच्या पंखाची बाह्याकृती विचित्र आहे: मधला भाग मागे झुकलेला, बाहेरच्या भागाची पुढची कड जवळजवळ सरळ, मागची कड पुढे येणारी. पंखाच्या मुळाशी एका बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त घासला गेला तरी टोक पुढे-मागे सरकतं आणि वरून पाहताच ते खटकतं. उपाय सोपा आहे. शेपटीच्या टोकाला दोरा बांधा, तो दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत ताणून मोजा, मापं जुळली की मगच चिकटवा. मुळाशी फट राहिली तर ती पुट्टीने भरू नका. प्लास्टिकच्या पट्टीने भरा, नाहीतर सिमेंट (प्लास्टिकचा गोंद) सुकताना पंख खाली येतो.

अजून एक गोष्ट. या विमानाचा पंख फ्यूजलाजला शून्य अंशाने लावलेला होता, म्हणजे सरळ उभी डाइव्ह मारता यावी. म्हणून उडताना त्याचं नाक वर असे. पंख सपाट दिसतो म्हणून पुढची कड किंचित वर उचलण्याचा मोह होतो. तसं करू नका, खरं विमान तसंच होतं.

सध्याची स्थिती: फ्यूजलाज बंद, पंख लागले, जाळीदार डाइव्ह ब्रेक (डाइव्हमध्ये वेग आवरणाऱ्या पट्ट्या) राहिले आहेत. किटमध्ये चाकांचे पाय नुसते टेकून चिकटवायचे दिले आहेत. ते टिकणार नाहीत. ०.५ मिमीच्या ड्रिलने पायात आणि पंखात भोक पाडून पितळी तार घालायची, तार नसेल तर स्टेपलची पिन सरळ करून चालते.

काचेसाठी सुपरग्लू वापरला की त्याच्या वाफेने आतून पांढरट धुकं धरतं. फेविकॉल पुरतो, आणि जास्तीचा ओल्या कापडाने निघतो. मास्किंगनंतर काचेच्या पट्ट्यांवर आधी आतल्या हिरव्याचा हात, मग बाहेरचा रंग द्या. आतून पाहिलं तरी पट्टी योग्य रंगाची दिसते.

रंगाच्या बाबतीत आपल्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो आणि हवा कोरडी. पाण्यावरचा अॅक्रिलिक मॉडेलवर पोचण्याआधीच सुकतो. पृष्ठभाग वॉटर पेपरसारखा खरखरीत होतो आणि एअरब्रशच्या सुईच्या टोकावर गुठळी धरते. रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारं द्रव्य) घाला, दाब १२ ते १५ पीएसआय ठेवा, अंतर ५ ते ७ सेंमी, आणि काम पहाटे करा. खोलीतला कूलर ग्लॉस कोटच्या आधी बंद करा: वाळ्याच्या ताट्यांतले तंतू थेट ओल्या रंगावर येतात. पावसाळ्यात उलट होतं. लॅकर पांढुरकं पडतं आणि एअरब्रशच्या नळीत पाणी जमतं, म्हणून मॉइश्चर ट्रॅप लागतोच. दुकानातलं एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला वापरा, प्लास्टिकवर जाड हात पडला तर ते बारीक रेषा खाऊन टाकतं.

डिकलसाठी (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांसाठी) बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग डिकलखाली अडकतात आणि नंतर निघत नाहीत. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. या आघाडीवरच्या विमानांवरच्या ओळखीच्या गोलांतून लाल रंग काढलेला होता, जपानी विमानांच्या लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून. गोल स्टेन्सिलनेच फवारायचा असेल तर हिशेब सोपा आहे: खरा १६ इंचांचा गोल १/७२ मध्ये ५.६ मिमी.

आता मागणी. मोठ्या कंपनीच्या नव्या साच्यात व्हेंजन्स हवंच, आणि त्यात डाइव्ह ब्रेक उघडे व मिटलेले असे दोन संच, बॉम्ब-बे (बॉम्बचा खण) आतून पूर्ण, चाकांच्या पायांना खोल खोबण्या. डिकलमध्ये ११० सोबत भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन द्याव्यात. त्यांनीही हेच विमान ब्रह्मदेशात चालवलं, आणि इथे त्यासाठी गिऱ्हाईक आहे.

डी.एच.९ए साठी विंगनट विंग्जचं १/३२ मधलं किट होतं, पण ती कंपनी २०२० मध्ये बंद पडली आणि ते माप आपल्या फळीवर बसतही नाही. १/७२ मध्ये हवं ते असं: वरचा पंख तोलून धरणारे मधले खांब फ्यूजलाजसोबत एकाच तुकड्यात, तारांसाठी भोकं आधीच पाडलेली, आणि फ्यूजलाजवरची निजामाच्या देणगीची अक्षरं डिकलवर. त्या स्क्वाड्रनचं एफ१०१० हे विमान लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे, म्हणजे मापं घ्यायला खरी वस्तू उपलब्ध आहे.

मागणीच्या यादीतलं तिसरं नाव लिबरेटर हे बॉम्बर, पंख ४६.६ सेंमी. भारतीय हवाई दलाने ते १९६८ पर्यंत वापरलं. त्याच्या बॉम्ब-बेची दारं दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर सरकतात. नव्या साच्यात ती पातळ आणि नालीदार हवीत, जाड सपाट तुकडे नकोत. सध्या जुना साचा बांधत असाल तर विमान शेपटीवर बसू नये म्हणून वजन कॉकपिटच्या फरशीखाली आणि पुढच्या चाकाच्या खणाच्या दोन्ही बाजूंना टाका, नाक काचेचं असल्याने तिथे जागा नाही. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगच्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात. सगळं टेपने जुळवून मुख्य चाकांच्या रेषेवर टेकवा, नाक खाली गेलं की त्या वजनाचा आणखी चौथा हिस्सा घाला, कारण शेपटीवर पुढे रंग आणि पुट्टी चढते. वजन शिशाचं असेल तर फेविकॉल अजिबात नको. त्यातल्या आम्लाने शिसं पांढरं पडून फुगतं आणि काही वर्षांनी बंद फ्यूजलाज आतून फाटते. अराल्डाइट वापरा.