दोन पट्ट्या खाली

अल्बमचा साज आधीच तयार होता. ड्रम्स, बेस, सिंथ, पियानो सगळं झालेलं. राहिला होता तो ताईंचा आवाज. अर्धं आयुष्य बँडबरोबर काढल्यावर त्यांचा हा पहिला स्वतंत्र पॉप अल्बम. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. रेकॉर्डिंग माझ्याकडे.

शीर्षकगीत पांढरी तीनमध्ये, म्हणजे ई मेजरमध्ये. चाल तरुणपणी सुचलेली, पट्टीही तेव्हाचीच. कडवी सुरेख गेली. ध्रुवपदातल्या वरच्या ओळीला मात्र स्वर लागत नव्हता, लावावा लागत होता. वय वाढलं की स्वरतंतू बदलतात, बायकांचा आवाज साधारणपणे खाली उतरतो. याला रियाझ कमी पडला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

"ताई, तुम्ही गाऊन टाका, मी ट्यून करतो," तरुण निर्माता म्हणाला. १९९७ मध्ये ऑटोट्यून आलं तेव्हापासून हा मार्ग सगळ्यांच्या हाताशी आहे, मीही तो वापरतो. पण सॉफ्टवेअर स्वर जागेवर आणतं, गळ्यातला ताण तसाच ठेवून. असा बिनचूक सुरातला ताण ऐकायला फार क्रूर वाटतो.

मी म्हटलं, "ताई, दोन पट्ट्या खाली घेऊया का?"

त्या ठाम नाही म्हणाल्या. "हे गाणं मी गिटारच्या मोकळ्या सहाव्या तारेवर बांधलंय. ती घुमली नाही तर गाण्यात राहिलं काय?"

त्यांचं बरोबर होतं. ई मेजर कॉर्ड धरली की गिटारच्या तीन तारा मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबता, वाजतात, सगळ्यात जाड अशा सहाव्या तारेसकट. दुसऱ्या कॉर्डमध्ये ती घुमार येत नाही. म्हणून बोटं तीच ठेवून गिटारच खाली उतरवायचं ठरलं: सहाही तारा दोन-दोन पट्ट्यांनी. नेहमीच्या तारा इतक्या सैल केल्या की फ्रेटवर खरखरतात, तेव्हा जाड गेजचा सेट चढवला. नव्या तारा सुरात टिकेनात. ताणायच्या, पुन्हा मिळवायच्या, यात बराच वेळ गेला. पण ताईंनी पहिली कॉर्ड छेडली आणि त्यांचा चेहरा खुलला.

सिंथचे मिडी ट्रॅक, म्हणजे ध्वनी नव्हे तर नुसत्या सुरांच्या नोंदी, क्षणात उतरले. ड्रम्स होते तसेच ठेवले. पियानो खरा वाजवलेला. तो ऑडिओ खाली ओढला तर प्रत्येक सुराचा आघात बोथट झाला. निर्माता काही न बोलता उठला आणि पियानो पुन्हा वाजवायला बसला. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी फार आदर वाटला.

तरी एक जागा अडतच होती. सर्वांत वरच्या स्वरावर दीर्घ 'ई'चा शब्द होता, आणि तिथे जबडा मिटत होता. ताईंनी पेन्सिल घेतली, ओळ फिरवली, त्या जागी 'आ' येईल असा शब्द बसवला. दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्याला ही मुभा नसते. स्वतः लिहिणाऱ्याला गळ्याप्रमाणे गाणं पुन्हा बेतता येतं, आणि ताईंनी ते कसलाही हट्ट न धरता केलं.

मग त्या माइकच्या अगदी जवळ सरकल्या. इतक्या जवळून आवाजाचा खर्ज भरदार होतो. बोलता बोलता गाणं सुरू व्हावं तशी पहिली ओळ आली. ध्रुवपदाला त्यांनी मान वर केली नाही. टेक संपल्यावर निर्मात्याने शेवटच्या कडव्याआधीचा मोठा श्वास कापायला घेतला.

"राहू दे तो," ताई म्हणाल्या. "तिथे थांबायचं म्हणूनच घेतलाय."

श्वास राहिला. निर्मात्याने उरलेल्या गाण्यांचं गायन पुढे ढकललं आणि एकेक चाल ताईंबरोबर नुसत्या गिटारवर बसवायला घेतली, पट्टी ठरवण्यासाठी.