तुम्ही विचारलंत म्हणून: ही काळवंडलेली नाणी मी उजळून का घेत नाही?

नाण्यांचा ट्रे उघडला की पहिला प्रश्न ठरलेला: "अगं, एवढी जुनी चांदी अशी काळी का ठेवलीस? चिंच लावून घास की!" इथे न्यू जर्सीतली मराठी मंडळी विचारतात, सुट्टीत आलेल्या मावशीही विचारतात. प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे चांदी म्हणजे निरांजन, वाट्या, अत्तरदाणी, आणि सणाच्या आदल्या दिवशी ती लख्ख घासायचीच. देवघरातल्या चांदीला ते शोभतं. नाण्याला का चालत नाही, ते आज नीट लिहिते.

मी जमवते ते अमेरिकेचे सुरुवातीचे हाफ डॉलर, म्हणजे मुख्यतः 1807 ते 1836 या काळातले. टोपी घातलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याची देवी, एका बाजूला, गरुड दुसऱ्या बाजूला. जर्मनीतून आलेल्या जॉन राइख या कोरक्याचं हे काम. फिलाडेल्फियाची टांकसाळ 1792 च्या कायद्याने उभी राहिली. 1794 मध्ये तिथून पहिले चांदीचे डॉलर बाहेर पडले, एकूण 1,758. त्यांतलं एक 2013 साली लिलावात एक कोटी डॉलरच्या वर गेलं, म्हणजे तो आमचा प्रांत नव्हे. हाफ डॉलर मात्र लाखोंनी पाडले गेले. झिजलेला, पण कोणी घासलेला-रंगवलेला नाही असा एखादा आजही शंभर-दीडशे डॉलरात मिळतो.

इतके हाफ डॉलर टिकले कसे, यालाही कारण आहे. 1804 नंतर टांकसाळीने चांदीचा डॉलर पाडणं थांबवलं, ते थेट 1836 पर्यंत. मधल्या काळात हाफ डॉलर हेच देशाचं सगळ्यात मोठं चांदीचं नाणं होतं. बँका ते गंगाजळी म्हणून ठेवत. थैल्या एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत जात, बाजारात फारसं कोणी खर्चत नसे. लोकांच्या हातात रोज खेळायचे ते स्पॅनिश डॉलर, जे अमेरिकेत 1857 पर्यंत कायदेशीर चलन होते. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीची ही नाणी कधीकधी जवळजवळ न वापरलेल्या अवस्थेत सापडतात. वापरली नाहीत तरी ती हवेत होती, कागदात होती, कापडात होती. रंग येतो तो तिथून.

चांदीला गंधक लागलं की सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. कोळशाच्या शेगड्या, गॅसचे दिवे, जाडाभरडा कागद, पुठ्ठ्याचे अल्बम, सगळ्यांत थोडंफार गंधक असतंच. हा थर इतका पातळ असतो की प्रकाशाचा काही भाग त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही खालच्या धातूवरून. परतणारे दोन्ही किरण एकमेकांत मिसळताना काही रंग विझतात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात, ते याच न्यायाने. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग किरमिजी, जांभळा, निळा, पुढे आकाशी, आणि तिथून पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा. शेवटी राखाडी-काळा. एकाच नाण्याच्या कडेला निळा आणि मध्यभागी फिकट सोनेरी दिसतो, कारण कडेपासून आत थर पातळ होत गेलेला असतो.

आता घासण्याचं. चिंचेने किंवा पावडरीने चोळलं तर बारीक ओरखडे पडतात, हे सगळ्यांना पटतं. "मग नुसतं बुडवून काढ," असं पुढे सुचवलं जातं. तसे द्राव मिळतात, थायोयुरिया आणि आम्लाचे. काही सेकंदांत नाणं पांढरंशुभ्र. पण तो काळा थर म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे. त्यात नाण्याचीच चांदी आहे. थर गेला की ती चांदीही गेली. नाणं पाडताना धातू साच्यात दाबला जाऊन बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं हलवलं की जी लकाकी चाकासारखी फिरते ती या रेषांमुळे. दोन-चार वेळा बुडवलं की रेषा बोथट होतात. नाणं पांढरं दिसतं, पण मेलेलं. ती लकाकी परत आणण्याचा कुठलाही उपाय नाही. या काळातल्या फार मोठ्या संख्येच्या नाण्यांचं हेच झालेलं आहे, आणि म्हणूनच ज्यांना कोणी हात लावला नाही त्यांचा मला इतका जिव्हाळा आहे.

सेंट लुईसचे नाणेसंग्राहक एरिक न्यूमन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 2017 साली वयाच्या 106 व्या वर्षी ते गेले. त्यांची बरीच नाणी आधीच्या पिढीतले संग्राहक कर्नल ग्रीन यांच्या प्रचंड संग्रहातून आलेली, आणि ती त्यांनी वर्षानुवर्षं लहान तपकिरी कागदी पाकिटांत ठेवली. 2013 पासून ती लिलावात येऊ लागली तेव्हा लोक थक्क झाले. निळे, सोनेरी, जांभळे हाफ डॉलर, आणि खाली लकाकी शाबूत. न्यूमन यांनी त्यांना रंगवलं नव्हतं. त्यांनी त्यांना सोडून दिलं होतं, बस्स.

रंगाला पैसा मिळतो म्हटल्यावर रंगवणारेही आले. गंधकाची पूड, उष्णता, रसायनं. काही तासांत इंद्रधनुष्य. ओळखायचं कसं? वर सांगितलेला रंगांचा क्रम पाहते. खरा रंग त्या क्रमाने हळूहळू उतरतो. घाईने आणलेला मध्येच उडी मारतो, पृष्ठभागावर तरंगल्यासारखा दिसतो. जुन्या ओरखड्यातही तोच भडक निळा भरलेला असेल तर मी नाणं परत ठेवते. पीसीजीएस आणि एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या कंपन्या रंगाबद्दल शंका आली की नाण्याला अंकांतली प्रत देतच नाहीत. घासलेल्या नाण्यांचंही तेच.

माझी स्वतःची आवड सांगू? भडक इंद्रधनुष्यापेक्षा मला थोडं वापरलेलं, राखाडी नाणं जवळचं वाटतं. लिबर्टीच्या गालावर आणि टोपीवर बोटांनी झिजून आलेला फिकटपणा, ताऱ्यांच्या आणि अक्षरांच्या आडोशाला गडद निळसर झाक. खिडकीपाशी तिरपं धरलं की तो राखाडी रंग एकदम जागा होतो. दिव्याखाली सपाट ठेवून पाहणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून मी पाहुण्यांना आधी खिडकीशी बोलावते.

तुमच्या घरी आजीच्या पेटीत राणीछाप रुपये असतील तर त्यांचंही रसायनशास्त्र हेच. घासू नका. कडेने धरा, रबरबँड लावू नका, कारण त्यात गंधक असतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतही ठेवू नका. त्याने हिरवा चिकट थर येतो, आणि तो मात्र खरोखरच काढून टाकावा लागतो, तोही चोळून नव्हे, शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून.