काळीवरची बैठक : फरशी उखडली, मुरूम टिकला

परसातल्या कडुनिंबाखालची 10 फूट बाय 12 फुटांची बैठक पूर्ण झाल्याचे मागच्या नोंदीत मी मोठ्या अभिमानाने कळवले होते. तो अभिमान मृगाच्या दुसऱ्या पावसातच वाहून गेला. एप्रिलमध्ये पातळी धरून आणि काटकोनात बसवलेली शहाबादी फरशी कडेने दीड इंच वर आली, मधला भाग तसाच राहिला आणि सगळ्या बैठकीचा आकार तसराळ्यासारखा झाला. उतार घराकडे फिरल्यामुळे पाणी जोत्याला टेकून उभे राहिले, हे सर्वांत वाईट. सांधे सिमेंटने पक्के भरण्याचा हट्ट माझाच होता, त्यामुळे उचलताना 30 पैकी 7 फरशा तुटल्या.

परभणीच्या आमच्या वसाहतीत काळी माती किती खोल आहे, हे मला शोषखड्डा खणला तेव्हाच दिसले होते. जवळजवळ 7 फूट नुसती काळी आणि मग कुठे मुरूम. आपल्याकडे जुन्या गावांची वस्ती पांढरीवर आणि शेती काळीवर असे, ही विभागणी उगाच झालेली नव्हती. नव्या वसाहतींचे भूखंड मात्र शेत मोडून पाडलेले, म्हणजे थेट काळीवर आहेत. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण फार असते. उन्हाळ्यात तिला माझी दोन फुटी सळई सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती तेवढीच फुगते. हे सगळे ठाऊक असूनही मी 4 इंच मुरमावर विसंबले.

चूक नेमकी कुठे झाली, हे शोधण्यात तीन आठवडे गेले. फुगवट्याची प्रयोगशाळेतली चाचणी घरी करण्याजोगी आहे, म्हणून ती आधी केली. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळली आणि 10 ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात व तेवढीच दुसऱ्या पात्रात रॉकेलमध्ये टाकून पूर्ण दिवसभर ठेवली. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे ते पात्र तुलनेला उपयोगी पडते. रॉकेलमधली माती 10 मिलीलिटरवर थांबली आणि पाण्यातली 19 मिलीलिटरपर्यंत गेली, म्हणजे फुगवटा 90 टक्के. (रॉकेल मिळवण्याला चाचणीपेक्षा जास्त दिवस लागले.) मात्र माती फुगते एवढ्यानेच फरशी वाकडी होत नाही, ती सगळीकडे सारखी फुगली असती तर सगळी बैठक एकसारखी वर आली असती. पाणी आधी कडेला मुरले आणि फरशीखालची मधली माती कोरडीच राहिली, म्हणून कडा उचलल्या गेल्या. शिवाय माझा मुरूम सुटा आणि जाड होता. काळीत खणलेल्या खड्ड्यात तो भरल्यावर त्याचे हौदच झाले, आणि कडेने आत शिरलेले पाणी तिथे साठून खालच्या मातीला दिवसेंदिवस मिळत राहिले.

तिसरी चूक मुहूर्ताची होती. एप्रिल म्हणजे माती सर्वांत सुकलेली आणि आकसलेली असण्याचा काळ, आणि मी नेमकी तेव्हाच फरशी टाकली, म्हणजे तिला फुगायला पूर्ण वाव ठेवला. आमचे मिस्त्री हे सगळे एका वाक्यात सांगून मोकळे झाले : “ताई, काळी हाय ती, तिला दाबायला कामून बघता?”

पहिला उपाय म्हणून मी चुन्याकडे वळले. तिसऱ्या मोजपात्रात मातीत थोडा विरवलेला चुना मिसळला, तेव्हा ती 12 मिलीलिटरच्या पुढे गेलीच नाही. ते पाहून मला झालेला आनंद आपल्यापैकी ज्यांनी काळीशी झुंज दिली आहे त्यांनाच कळेल. दोन पोती चुनकळी आणली सुद्धा, पण पोती उतरवताना बाजूच्या मोगऱ्याकडे लक्ष गेले. आपली माती मुळातच विम्ल (अल्कधर्मी). तिच्यातले लोह झाडाला नीट मिळत नाही, म्हणून हिरव्या शिरांची पिवळी पाने मी आधीच दर वर्षी पाहते. त्यात बैठकीचा चुना झिरपत मुळांपर्यंत गेला तर मोगरा कायमचा गेला असता. पोती परत केली.

मग मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतील कालव्यांसाठी विकसित केलेली पद्धत आठवली. फुगणाऱ्या मातीवर, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबून बसवलेला थर द्यायचा, हे तिचे सूत्र आहे. कालव्यांच्या कामात हा थर साधारण मीटरभर जाडीचा घेतात. माझ्या छोट्या बैठकीसाठी मी दीड फुटावर समाधान मानले. खड्ड्याच्या तळाला घरापासून दूर, 10 फुटांत 2 इंच असा उतार दिला. खालच्या टोकाला भोके पाडलेला पाइप टाकून तो कर्दळीच्या वाफ्यात सोडला. मोरीच्या पाण्याचा जो वाफा मी पूर्वी दाखवला होता, तोच हा.

हा थर मी मुरमाचाच केला, पण निवडून, म्हणून मुरमाविषयी थोडे स्पष्ट लिहिते. हातात घेऊन ओला केल्यावर ज्याचा लाडू वळतो पण जो बोटांना चिकटत नाही, तोच घ्यावा. दुसरे म्हणजे ट्रॉली दारात रिकामी होण्याआधी टेप लावावा. ब्रास म्हणजे 100 घनफूट. मला एक ब्रास म्हणून विकलेली प्रत्येक ट्रॉली 78 घनफुटांची निघाली, आणि पुरवठादाराने शांतपणे “सगळे असेच देतात” असे सांगितले. तीन ट्रॉल्यांत 234 घनफूट मिळाले आणि ते दाबून जेमतेम खड्ड्यापुरते झाले. उरलेल्यातून पायवाट करण्याचा बेत तिथेच संपला. भाड्याने आणलेल्या दाबयंत्राने अर्धा दिवस पेट्रोल गाळण्यापलीकडे काही केले नाही. शेवटी मिस्त्रींच्या धुम्मसने (हाताने आपटायच्या जड ठोकळ्याने), पाणी शिंपडत, 4 इंचांचा एकेक थर 3 इंचांवर आणून सहा थर बसवले. अरुंद परसात धुम्मसला तोड नाही, हे माझे ठाम मत झाले आहे.

फरशी मात्र मी लगेच टाकली नाही. मुरमाच्या चार कोपऱ्यांत व मध्यभागी खुंट्या ठोकल्या, जोत्यावर तांबड्या रंगाची खूण केली आणि दर रविवारी लेव्हल पाइपने त्या खुणेशी खुंट्यांची उंची पडताळली. जूनमध्ये दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर उचल झाली होती. या वेळी पाच रविवार आणि तीन दणदणीत पाऊस होऊनही सर्वांत मोठा फरक 3 मिलिमीटर आहे. पाचव्या रविवारी पाइपमधले पाणी दोन्ही टोकांना खुणेवर स्थिर झाले, तेव्हा मी सासूबाईंना बोलावून ते दाखवले. त्यांनी एकदा पाइपकडे आणि एकदा चिखलाने भरलेल्या माझ्या साडीकडे पाहिले आणि अंगणात बाज टाकली असती तर हे काहीच करावे लागले नसते, असे सांगून त्या आत गेल्या.

त्यांचे म्हणणे मला लिहिता लिहिताच जास्त पटते आहे. बाजेला जमीन सपाट असण्याची गरज नसते, आणि सारवलेल्या अंगणाला भेग पडली तरी पुढच्या सारवणात ती बुजते. म्हणून बेत बदलते. कडुनिंबाच्या बुंध्याकडचा 4 फुटांचा पट्टा फरशीविना ठेवीन. तिथे झाड मातीतली ओल ओढून घेते, त्यामुळे फरशी खचण्याचा धोका तिथेच जास्त आहे. त्या पट्ट्यावर बाज राहील. उरलेल्या 8 फूट बाय 10 फुटांत 20 फरशा पुरतात, म्हणजे न तुटलेल्या 23 मधूनच काम भागेल. त्या सिमेंटविना, कचेच्या (दगडाच्या बारीक चुऱ्याच्या) दोन इंची थरावर, सांधे उघडे ठेवून बसवीन, जेणेकरून एखादी वर आलीच तर तेवढीच उचलून खालची कच खरवडता येईल. बैठकीला लागून वाफे करण्याचा विचारही सोडला, कारण वाफ्याचे पाणी पुन्हा कडेलाच मुरणार. तिन्ही बाजूंनी दोन फूट खडी आणि त्यावर कुंड्यांत मोगरा व रातराणी, एवढेच असेल.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहून आल्यापासून मनात असलेला छोटा हौदही आता होणार नाही. काळीत गळका हौद म्हणजे जूनची पुनरावृत्ती ठरेल. त्याऐवजी आजोळहून आणलेला रांजण कुंड्यांमध्ये ठेवते. कडेने पाझरणारे त्याचे पाणी खडीत न जाता पाइपकडे कसे वळवावे, हे अजून सुटलेले नाही. कोणी रांजणाखाली दगडी परात वापरली असेल तर सांगावे. फरशा दिवाळीपर्यंत भिंतीला टेकलेल्या राहतील, कारण तोवर माती पूर्ण ओलीही नसेल आणि पूर्ण कोरडीही नसेल. तूर्त बाज मुरमावर आहे, आणि काल रात्री पाऊस उघडल्यावर तिच्यावर मी तासभर बसले होते.