वकिलाकडे जायला साडेपाच महिने लावले, तेही एका नकाशापायी

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीकडच्या भागात. वावर आईच्या नावावर, साडेचार एकर, कापूस, तूर अन सोयाबीन. वावरात जायचा गाडीरस्ता शेजारच्याच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं जाते, आजोबाच्या काळापासून त्याच रस्त्यानं बैलबंडी जायची. १४ जूनला, पेरणीच्या ऐन तोंडावर, त्यानं रस्त्यावर नांगर घातला अन बोरीच्या फांद्या लावून वरून तार ओढली. भांडण झालं, सरपंच आले, चहा झाला, रस्ता काही खुला झाला नाही.

तेव्हाच वकील करायला पाहिजे होता. पण तहसीलच्या बाहेर अर्ज लिहून देणारे एक काकाजी बसतात, ते म्हणाले, "कागदं पूर्ण झाल्याबिगर वकिलाकडं जाऊ नको बापू, वकील परत धाडते अन फी वेगळी घेते." मला पटलं. आता विचार केला की स्वतःचाच राग येतो.

कागदं म्हणजे सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या जमिनीचा उतारा), वाटणीचा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) अन नकाशा. सातबारा तर मोबाईलवर १५ रुपयात डिजिटल सहीचा निघते, अर्ध्या तासाचं काम. नकाशासाठी मात्र मोजणी ऑफिसात जावं लागलं, अन तिथंच सगळं घोडं अडलं.

जुलैत पहिला अर्ज दिला. पोच घेतली नाही, कारण टेबलावरचा माणूस म्हणाला, "ठेवा, होऊन जाईन." पंधरा दिवसांनी गेलो तर साहेब मोजणीवर. मग सर्व्हर डाऊन. मग पोळा आला. सप्टेंबरात गेलो तर म्हणे तुमचा अर्जच दिसत नाही, नवा द्या. म्हणजे दोन महिने मी ज्या अर्जाच्या भरवशावर एसटीचं तिकीट काढून राहिलो होतो, तो अर्ज नव्हताच! दुसऱ्या वेळी मी पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हात उचलला नाही, शिक्का अन आवक नंबर दोन्ही घेतले, तर तोच माणूस म्हणतो, "एवढा काय अविश्वास भाऊ?" काय सांगू त्याला.

ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीवर मजूर मिळत नव्हते अन मी इकडं बाकावर बसून. शेवटी नकाशाची नक्कल मिळाली. खुश होऊन घरी आणली, उजेडात धरून पाहतो तर त्यात रस्ताच नाही! आमच्या गटाचा, म्हणजे आमच्या नंबरच्या तुकड्याचाच नकाशा दिला होता, अन रस्ता तर शेजारच्याच्या गटातून येते. परत गेलो. "दुसऱ्याच्या गटाचा नकाशा तुम्हाले कसा देता येईन?" मी म्हटलं साहेब, माझ्या गटात रस्ता अडला असता तर मी इथं आलोच नसतो. ते हसले अन म्हणाले पुढच्या मंगळवारी या. असे मंगळवार चार झाले. एकूण नऊ चकरा, मी डायरीत लिहून ठेवल्या आहेत, बायको म्हणते कशाला लिहिता, पण लिहिल्या.

नोव्हेंबर निम्मा गेल्यावर भाची दिवाळीची राहिलेली, तिनं माझा चेहरा पाहून मोबाईल घेतला अन "आपले अभिलेख" या सरकारी जुन्या कागदांच्या साईटवर आमचा वाटणीचा जुना फेरफार काढून दाखवला. हा फेरफार मी रेकॉर्ड रूममध्ये मागत होतो तो वेगळाच किस्सा, त्यात पडत नाही.

मग म्हटलं नकाशा गेला चुलीत, वकिलाकडं जातो. पहिले ज्यांच्याकडं गेलो त्यांना शेजारच्याचं नाव सांगितलं अन त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणे "पुढं काही बोलू नका, ते माझे पक्षकार आहेत, तुमचं ऐकलं तर मले अडचण होते." मला तेव्हा अपमान वाटला, पण माणूस सरळ निघाला, ऐकून घेऊन तिकडं सांगितलं असतं तर? म्हणून वकिलासमोर बसल्यावर आधी समोरच्याचं नाव सांगायचं, कहाणी नंतर. अन महसुली काम कोण करते ते विचारायचं, आमच्या तालुक्यात अर्धे वकील फौजदारी अन अपघाताचेच.

दुसऱ्या वकील मॅडम. २८ नोव्हेंबरला फाईल घेऊन गेलो, दोरीनं बांधलेली. मॅडमनं ती उघडलीच नाही. पहिला प्रश्न, "रस्ता आधीपासून होता की नवा पाहिजे?" मी म्हटलं आधीपासून. "कधी अडवला?" १४ जून. त्यांनी कॅलेंडर पाहिलं अन मला विचारलं, "एवढे दिवस काय करत होतात?"

आधीचा रस्ता अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तहसीलदाराकडंच दावा लागते, पण अडवल्यापासून सहा महिन्याच्या आत. काकाजीनं अर्ज लिहून ठेवला होता तो जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चा, ते नवा रस्ता बांधावरून मागायचा असेल तर. माझ्याकडं १६ दिवस उरले होते. अन मॅडम म्हणाल्या की दावा दाखल करायला नक्कल अडत नव्हती, कागदं मागून जोडता येतात, अन मागायचा होता तर गटाचा नाही, अख्खा गावनकाशा मागायचा. गाडीमार्ग त्यात तुटक दुबार रेषेनं दिसते, पायवाट तुटक एकेरी. मी नऊ चकरांत हे एक वाक्य कोणाकडून ऐकलं नाही.

वरून दुसरा धक्का. "पक्षकार कोण?" मी म्हटलं मी. सातबारा पाहून म्हणाल्या, "तुम्ही नाही, तुमच्या आई. त्यांना का नाही आणलं?"

दुसऱ्या दिवशी आईला नेलं. ७१ वर्षांची, ऑफिसात पंखा लावा म्हणाली आधी. मग मॅडमनं विचारायला सुरुवात केली अन आईनं सगळं सांगितलं, रस्त्याच्या तोंडाशी कोणतं कडुलिंबाचं झाड, दुष्काळात कोणाची बंडी कुठं फसली, कोण कोण त्याच रस्त्यानं माल नेते, त्यातले जिवंत कोण. तेच चौघे आता साक्षीदार आहेत. माझ्या फाईलीत यातलं एकही नव्हतं. जाण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून तारखांसकट एक पान लिहून काढा, दोरीच्या फाईलीपेक्षा तेच कामाला येते. अन तार ओढली त्या दिवशी भाच्यानं काढलेला मोबाईलमधला फोटो, तो मी डिलीट करणार होतो!

फीचं मी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं, किती, कोणत्या टप्प्यावर, टायपिंग अन कोर्ट फीची तिकिटं त्यातच की वेगळी. लाजलो नाही. एकानं मला सांगितलं होतं की जिंकल्यावर हिस्सा द्यायचा ठरव, मॅडम म्हणाल्या ते बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या नियमात बसतच नाही. वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) आईचा अंगठा, रिकाम्या जागा भरल्यावरच. मूळ कागद दिले नाहीत, झेरॉक्सच दिले.

अन हे तर फी भरून झाल्यावर समजलं, बाईमाणसाला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळते, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यात आहे, फोन १५१००. आईला सांगितलं तर म्हणाली, "आता सांगून राहिला?"

दावा ९ डिसेंबरला दाखल झाला. जागेवर पाहणी झाली, तलाठी आले, पंचनामा झाला, आदेश यायचा आहे. कापूस सध्या गाठोडी करून डोक्यावर आणतो, दीड किलोमीटर. मोजणी ऑफिसातून परवा फोन आला, नकाशा तयार आहे, घेऊन जा म्हणे.